पित्त आणि पित्ताचा खडा

‘डॉक्टर, पित्त झालंय, एखादी गोळी द्या.’ कर्जत-खालापूर भागातल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य रोज चार-पाच वेळा तरी कानावर येतं. आपल्याकडे पित्त हा शब्द फार सैल वापरला जातो. छातीत जळजळलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, उपाशीपोटी डोकं दुखलं तरी पित्तच! या गर्दीत खऱ्या पित्ताचा आजार मात्र लपून राहतो. आज त्याच्याविषयी, म्हणजे पित्ताशयातल्या खड्यांविषयी बोलू या.

काही वर्षांपूर्वी काशेळ्याच्या बाजूच्या एक मावशी माझ्याकडे आल्या. वय पन्नाशीचं. रात्री जेवणानंतर पोटात वर, उजव्या बाजूला कळ यायची, पाठीत खवाट्यापर्यंत जायची आणि दोन-तीन तासांनी आपोआप थांबायची. मी दोनदा आम्लपित्ताची गोळी दिली. सोनोग्राफी सांगायला हवी होती, ती मी सांगितली नाही. ती चूक माझी. पुढे ऐन लावणीत त्यांचे डोळे पिवळे झाले. घरच्यांनी त्यांना कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, त्यात आठवडा गेला. शेवटी असह्य पोटदुखी आणि थंडीताप घेऊन त्यांना मुंबईला न्यावं लागलं. खडा पित्तनलिकेत अडकला होता आणि स्वादुपिंडाला सूज आली होती. मावशी वाचल्या, पण तीन आठवडे खाटेवर गेले.

पित्त म्हणजे नेमकं काय? ते यकृतात तयार होतं आणि स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतं. यकृताच्या खाली नासपतीच्या आकाराची एक लहान पिशवी असते, तिला पित्ताशय म्हणतात. त्यात ३० ते ५० मिलिलिटर पित्त घट्ट होऊन साठतं. तेलकट-तुपकट खाल्लं की पिशवी आकुंचन पावते आणि पित्त आतड्यात उतरतं. पित्तात कोलेस्टेरॉल वाढलं किंवा पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली, की त्याचे कण जमून खडे बनतात. भातातला खडा गिळल्यामुळे पित्ताचा खडा होतो, असं मला अनेकांनी विचारलं आहे. तसं अजिबात नाही.

हा आजार बायकांमध्ये जास्त आढळतो. चाळिशी उलटलेली, बाळंतपणं झालेली, वजन वाढलेली किंवा मधुमेह असलेली व्यक्ती, घरात कुणाला खडे झालेले असणं, या गोष्टी धोका वाढवतात. वजन झपाट्यानं उतरवलं किंवा वारंवार लांबलचक उपास केले, तरी खडे होऊ शकतात, कारण पोटात अन्न नसलं की पित्त साचून राहतं. सिकलसेलसारख्या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात. अशा रुग्णांना अगदी कोवळ्या वयातही खडे होतात.

सोनोग्राफीत खडा दिसला म्हणून लगेच घाबरू नका. बहुतेकांना तो आयुष्यभर त्रास देत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत खडा सापडला आणि काहीच दुखत नसेल, तर सहसा नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. कळा सुरू झाल्या, की मात्र त्या पुन्हा पुन्हा येतात. तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार टाळू नये.

‘औषधानं विरघळणार नाही का?’ हा नेहमीचा प्रश्न. कुळथाचं पाणी प्यायलं की खडा पडतो, असं सांगणारेही भेटतात. मूतखडा लहान असेल तर लघवीवाटे पडू शकतो; पित्ताशयाचा लघवीच्या मार्गाशी संबंधच नाही. उलट इथला खडा सरकला तर पित्तनलिकेत अडकण्याची भीती. विरघळवणारी गोळी आहे, पण ती मोजक्याच प्रकारच्या लहान खड्यांवर चालते, महिनोन्‌महिने घ्यावी लागते आणि थांबवल्यावर खडे परत होतात. म्हणूनच नुसते खडे न काढता पिशवीच काढतात. ती नसली तरी यकृत पित्त तयार करतच राहतं आणि ते थेट आतड्यात उतरतं.

ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केली. पोटावर मोठा छेद घेण्याची ती पद्धत शंभर वर्षं चालली. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची आपल्या देशातली पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. आता चार लहान छिद्रांतून काम होतं. गुंतागुंत नसेल तर रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. ओझी उचलणं मात्र काही आठवडे टाळावं. नलिकेत अडकलेला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढता येतो.

खर्चाची काळजी असेल तर शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे आधीच विचारून घ्या.

चार खुणा मात्र लक्षात ठेवा. कळ सहा तासांत थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे होऊन लघवी चहासारखी झाली किंवा पोटातली वेदना थेट पाठीत घुसून उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट पाहू नका. पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं कधी हृदयविकाराचंही असतं, त्यामुळे ईसीजी काढून घेणं शहाणपणाचं.

मावशी अजून येतात, नातवंडांचा सर्दी-खोकला दाखवायला. त्यांच्यानंतर माझ्या दवाखान्यात एक नियम झाला. ‘पित्त झालंय’ असं कुणी म्हणालं, की गोळी देण्याआधी मी विचारतो, ‘कुठे दुखतं, ते बोटानं दाखवा.’ तुम्हीही डॉक्टरांकडे गेलात की पित्त हा शब्द बाजूला ठेवा. कुठे दुखतं, कधी दुखतं, किती वेळ दुखतं, एवढंच नीट सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.