वडनेरच्या ओसरीवरील वाटणी

हिंगणघाट तालुक्यातील वडनेरसारख्या गावी कापसाचे शेत, राहते घर व बँकेतील ठेवी मागे ठेवून कर्ता पुरुष निवर्तला, की पहिला गैरसमज ठेवींविषयी होतो. नामनिर्देशनात ज्याचे नाव, तोच मालक, असे घरोघरी धरले जाते. वस्तुतः तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा विश्वस्त होय. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या पश्चात उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर व म्युच्युअल फंडांबाबतही हेच ठरविले.

मृत्युपत्र नसेल तर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा पाहावा. तो जैनांनाही लागू आहे. स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, आई, मुलगे व मुली यांचा वाटा समान. विवाहित मुलीचाही. साडीचोळी देऊन तिची सही घेण्याची रीत शोभनीय नव्हे.

सर्वांचे एकमत असल्यास कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. शेतासाठी प्रथम तलाठ्याकडे वारसनोंद, मग जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ अन्वये तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज. घरातील हिस्सा सोडणाऱ्याने हक्कसोडपत्र नोंदवून द्यावे. तोंडी झालेला कौटुंबिक समझोता नंतर केवळ स्मरणार्थ लिहिल्यास नोंदणी अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या काळे खटल्यात म्हटले आहे. मात्र ज्या कागदानेच हक्क निर्माण होतो, तो नोंदवावाच लागतो.

वाटणीस बसण्यापूर्वी सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' हा रकाना वाचावा. पीककर्जाचा बोजा तेथेच आढळतो.