रापणीचा दोर आणि छातीवरचा पट्टा

माणसं एकत्र राबतात तेव्हा त्यांच्या शरीरांत काय चालतं, हे मोजता येतं का? संपादकांनी विषय दिला तेव्हा मला पहिली आठवली ती रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरची रापण. होडी दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून निघते, अर्धवर्तुळात जाळं सोडत दुसरीकडे किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांवर माणसं. टाचा वाळूत, अंग मागे. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. रापणीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, ओढतो कमी, बघतो जास्त.

या माणसांची नाडी मोजायची तर माझ्या पसंतीचं हत्यार एकच, छातीवरचा पट्टा. त्याचा पणजोबा म्हणजे लायडनच्या आइन्थोव्हेन या शास्त्रज्ञाचं यंत्र. 1903 साली त्यानं जगापुढे मांडलेलं हृदयालेखाचं यंत्र चालवायला पाच माणसं लागत, आणि रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे. एका हृदयासाठी पाच जणांचा संघ! 1924 चं नोबेल त्याला मिळालं. आजचा पट्टा दोन ठोक्यांमधलं अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपतो. मात्र त्याचा हट्ट जुनाच: कोरड्या कातडीवर तो मुका, म्हणून आधी ओला करायचा. कमरेएवढ्या समुद्रात लाट छातीवर आली की खारं पाणी हृदयाचा क्षीण विद्युतसंकेत इकडेतिकडे पळवतं आणि बिनतारी लहरीही पाण्यात विरतात. या पट्ट्यावर माझा जीव जडला तो या हट्टापायीच.

समजा, आकडे मिळाले. दोरावरच्या सगळ्यांचे ठोके एकदम चढले-उतरले, तर त्याला मनं जुळली म्हणायचं का? घाई नको. ओझं एकच, ऊन एकच, ओढण्याची लयही एकच, ठोके जुळणारच. शिवाय श्वास आत घेताना ठोके जलद होतात, सोडताना मंदावतात. 2013 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एकत्र गाणाऱ्यांचे ठोके जुळताना दाखवले, त्यातही मोठा हात सामायिक श्वासाचाच होता.

म्हणून मला स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावचा प्रयोग अधिक पटतो. तिथे लोक निखाऱ्यांवरून चालतात. गोव्यात शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे तिचे भक्त, चालतात तसेच. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चालणाऱ्यांच्या ठोक्यांची चढउतार नुसत्या बघत बसलेल्या आप्तांमध्येही उमटली. अनोळखी प्रेक्षकांत ती दिसली नाही. बसलेल्या माणसावर ना ओझं, ना चालण्याची दमछाक. इथे काहीतरी हाती लागतं.

तरीही ठोके जुळणं म्हणजे काम जमणं नव्हे. घाबरलेल्या जमावाचेही ठोके एकदम चढतात. उलट सगळे जोर लावत असताना तांडेलाचं डोकं थंड राहावं लागतं. त्याची नाडी इतरांपासून फटकून चालली, तर कदाचित तेच रापण नीट चालल्याचं लक्षण ठरेल. विशीतला पोरगा आणि साठीतला रापणकर एकाच दोरावर असतात. त्यांचे ठोके मिनिटाला किती, ही तुलना फसवी. प्रत्येकाचा विश्रांतीतला आकडा आधी घ्यावा लागेल. आणि हृदय दुबळं निघालं म्हणून एखाद्याचा वाटा कापला गेला तर? हे आकडे कोणाला दिसणार, हे पट्टा बांधण्याआधी रापणकरांसमोर ठरलं पाहिजे.

ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांच्या रेट्यात रापणी कमी होत चालल्या आहेत. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातल्या कुणा विद्यार्थ्याला प्रबंधाला विषय हवा असेल, तर त्यानं हा घ्यावा. एक पट्टा तांडेलाला बांधावा, आणि एक किनाऱ्यावर टोपली घेऊन थांबलेल्या त्याच्या घरच्या बाईला, अर्थात तिला विचारून.