बेडूक मोजायचे की त्यांची घराणी?

दोन ओढे आहेत. दोन्हींच्या काठी बेडकांच्या तीन-तीन प्रजाती सापडल्या. एकाच ओढ्याला संरक्षण देण्याइतका पैसा असेल, तर निवड कशी करायची? नुसती गणती केली तर दोन्ही सारखेच.

ऑस्ट्रेलियात काम करणारे डॅन फेथ यांनी १९९२ मध्ये वेगळा हिशेब सुचवला. प्रजाती मोजू नका, त्यांच्या वंशवृक्षाच्या फांद्यांची लांबी मोजा. समजा, पहिल्या ओढ्यातल्या तिन्ही प्रजाती एक कोटी वर्षांपूर्वी एकमेकींपासून फुटल्या. त्याआधीचा नऊ कोटी वर्षांचा बुंधा सामाईक. बेरीज झाली १२ कोटी वर्षे. दुसऱ्या ओढ्यातल्या तिघी मात्र दहा कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झालेल्या. तिथे बेरीज ३० कोटी! दुसरा ओढा गेला, तर अडीचपट इतिहास बुडतो.

हा वृक्ष आज मुख्यतः डीएनएवरून उभा करतात. दोन प्रजातींच्या एकाच जनुकात किती अक्षरे बदलली ते पाहिले की नाते कळते. जीवाश्मांचे वय हाताशी असेल तर वर्षांचाही अंदाज येतो. दिसण्यावर विसंबले की फसगत होते.

सह्याद्रीतला जांभळा बेडूक हे याचे ठळक उदाहरण. फुगीर अंग, टोकदार नाक, बहुतेक आयुष्य जमिनीखाली आणि खाणे वाळवीचे. पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस तो वर येतो, तेही जोडीदार शोधायला. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातल्या या बेडकाचे वर्णन एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाइट यांनी २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. नाव ठेवले नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस. त्यातली ‘नासिका’ मराठी वाचकाला सांगायला नको. (गावकऱ्यांना तो आधीपासून ठाऊक होता, हे अशा ‘शोधां’त नेहमीच मागे पडते.) डीएनए तपासला तेव्हा त्याचे सर्वांत जवळचे नातलग निघाले हिंदी महासागरापलीकडच्या सेशेल्स बेटांवरचे इवलेसे बेडूक. भारत आणि सेशेल्स पूर्वी एकाच भूभागाचे तुकडे होते, त्या काळाची ही खूण.

२०१७ मध्ये तामिळनाडूकडच्या पूर्व उतारावरून या कुळातली दुसरी प्रजाती नोंदली गेली. प्रजातींची संख्या एकदम दुप्पट झाली. फांद्यांची लांबी मात्र जराशीच वाढली, कारण दोघी एकाच लांबलचक फांदीच्या टोकाला आहेत. त्या दोघी संपल्या तर यादीतून दोनच नावे कमी होतील, पण वृक्षावरून एक अख्खे कुळ जाईल.

त्यांची पिल्ले पावसाळी ओढ्यांच्या वेगवान पाण्यात तोंडाने खडकांना चिकटून वाढतात. काही ठिकाणी ती खाण्यासाठी पकडली जातात. आणि धरण बांधले की तेच वाहते पाणी थांबते.