फ्लोरेन्स : पूल ओलांडल्यावर

भारतीय सहलींच्या वेळापत्रकात फ्लोरेन्सच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. बस टेकडीवरच्या पियाझाले मिकेलांजेलोला थांबते, लाल कौलांचं शहर पाठीशी घेऊन फोटो होतात. मग कॅथीड्रलचा घुमट, मग सिन्योरिया चौकातला डेव्हिड. तो प्रतिकृती आहे. अस्सल पुतळा अकादेमिया संग्रहालयात आहे आणि तिथली रांग सहलीला परवडत नाही. मेदिची, ब्रुनेलेस्की, मिकेलँजेलो ही नावं गाइड भराभर उरकतो, कारण उजेड आहे तोवर पिसाचा कलता मनोरा गाठायचा असतो. या धावपळीत पोटाला आणि हाताला मिळतं काय? चौकातला महागडा पिझ्झा आणि चुंबक लावलेला डेव्हिड.

ज्यांच्याकडे दोन दिवस आहेत त्यांनी सकाळ सान लोरेन्झोच्या मेर्कातो चेन्त्राले या मंडईत काढावी. लोखंड आणि काचेची ही इमारत १८७४ सालची. मिलानची प्रसिद्ध गॅलरी बांधणाऱ्या जुझेप्पे मेन्गोनीचंच हे काम. वरच्या मजल्यावर २०१४ पासून चकाचक फूड कोर्ट आहे, रात्री उशिरापर्यंत चालतो, आणि जगातल्या कुठल्याही फूड कोर्टासारखाच आहे. खरी मंडई खाली. खाटीक, चीजवाले, सुकवलेल्या टोमॅटोंचे आणि मशरूमचे ढीग, आणि सकाळपासूनच गर्दीने वेढलेली लाम्प्रेदोत्तोची हातगाडीवजा दुकानं.

लाम्प्रेदोत्तो म्हणजे गाईचं चौथं जठर. टोमॅटो, कांदा, सेलरी आणि पार्स्ली घातलेल्या पाण्यात ते मंद आचेवर मऊसूत होईपर्यंत शिजवतात. दुकानदार ते काट्याने पातेल्यातून उचलतो, लाकडी फळीवर सपासप कापतो, मीठ-मिरी भुरभुरतो, पावात भरतो आणि वर हिरवी चटणी घालतो. तिखट हवं का, एवढंच विचारतो. शेवटी पावाचा वरचा भाग रश्शात बुडवून झाकण ठेवतो. बाजूला सूट घातलेला बँकवाला आणि रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांतला मिस्त्री एकाच फळीवर कोपर टेकून खात असतात. आपल्याकडे वजडी खाणाऱ्याला या पदार्थाची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही.

गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी हिरमुसायचं कारण नाही. शिळा पाव, काळपट पालेभाजी आणि पांढरे घेवडे घालून पुन्हा पुन्हा उकळलेली रिबोलिता ही इथली गरिबाघरची भाजी-आमटी. तीत मांस नसतं, तरी पाणी कशाचं आहे हे विचारून घेतलेलं बरं. तोस्काना या इथल्या प्रांताचा पाव मात्र अळणी असतो. पहिल्या घासाला तो फसला असं वाटतं. खारट चीज किंवा सलामीबरोबर खाल्ला की त्याचं काम कळतं. आइस्क्रीम घेताना रंग बघावा. पिस्त्याचं जेलातो मळकट हिरवं असेल तर ठीक. पोपटी रंगाचे डोंगर रचलेल्या दुकानासमोरून सरळ पुढे निघावं.

फूटपाथवर बसून खाणाऱ्यांच्या गर्दीला शहर वैतागलं आहे. २०१८ मध्ये वीया दे नेरी आणि आसपासच्या गल्ल्यांत जेवणाच्या वेळांत रस्त्यावर ठाण मांडून खाणाऱ्यांना ५०० युरोपर्यंत दंडाचा फतवा निघाला होता. राग समजण्यासारखा आहे, पण सँडविचची दुकानंच आत बसायला जागा देत नाहीत, मग माणसाने खावं कुठे?

मंडईबाहेर चामड्याच्या वस्तूंचा बाजार मांडलेला असतो. जाकिटं, पट्टे, पिशव्या आणि ‘मदाम, नमस्ते’ म्हणणारे विक्रेते. थोड्या अंतरावर मेर्कातो नुओवोत पिएत्रो ताक्काच्या ब्राँझच्या रानडुकराची प्रतिकृती आहे. तिचं नाक चोळलं की माणूस फ्लोरेन्सला परत येतो म्हणतात. नाक पिवळंधमक झालं आहे, त्यावरून परतणाऱ्यांची संख्या मोठी असावी. खरेदीची घाई मात्र इथे करू नये. वस्तूची कापलेली कड पाहावी. कडेला प्लास्टिकसारखा जाड रंग थापला असेल किंवा आत निळसर राखाडी थर दिसत असेल, तर ते क्रोमने कमावलेलं चामडं. ते वाईट नसतं, पण या शहराची ख्याती त्यावर उभी नाही.

ती ज्यावर उभी आहे ते बघायला आर्नो नदी ओलांडावी लागते. पोंटे वेक्कियो या पुलावर पूर्वी खाटकांची दुकानं होती. त्या दुर्गंधीला कंटाळून १५९३ मध्ये ग्रँड ड्यूक फेर्दिनान्दोने त्यांना हटवलं आणि सोनारांना बसवलं. सोनार अजून तिथे आहेत. पलीकडच्या ओल्त्रार्नो भागात, सान्तो स्पिरितो चर्चच्या मागच्या बोळांत चौकटी करणारे, बुकबाइंडर, चांदी ठोकणारे आणि चामडं घडवणारे कारागीर आहेत.

अशाच एका खोलीएवढ्या कारखान्यात घोड्याच्या नालाच्या आकाराचं नाण्यांचं पाकीट तयार होताना दिसतं. त्याला एकही टाका नसतो. कारागीर चामड्याचा तुकडा पाण्यात भिजवतो, लाकडी साच्यावर ताणून बसवतो आणि हाडाच्या पट्टीने दाबत दाबत त्याची एकेक सुरकुती बाहेर काढतो. ही कसरत बघताना श्वास रोखला जातो, कारण वळणावर चामडं जास्त ताणलं तर पातळ होतं आणि कमी ताणलं तर घडी पडते. वाळल्यावर पुढचा थर सरसाने चिकटतो, पुन्हा दाब, पुन्हा वाळवणं. मग कडा तासून सगळे थर एकजीव करायचे, रंग हाताने चोळायचा आणि मेण लावून घोटायचं. हातात घेतल्यावर जोड कुठे आहे ते नखालाही सापडत नाही. कारागीर काम करताना बोलतो, पण मान वर करत नाही. घासाघीस करणाऱ्याला तो नकार देत नाही. पाकीट शांतपणे फळीवर परत ठेवतो आणि पुढचा साचा उचलतो.

भिजवल्यावर असं वळणारं चामडं झाडांच्या अर्कात कमावलेलं असतं. चेस्टनट, मिमोसा, केब्राचो यांच्या टॅनिनमध्ये ते आठवडे-आठवडे मुरतं. हे काम पिसाच्या वाटेवरच्या सान्ता क्रोचे सुल्लार्नो या गावातल्या टॅनरींत होतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावतात. तत्त्व एकच, झाडं वेगळी. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तशाच चपला कोल्हापूरचं नावही न घेता मिरवल्या आणि ओरड झाल्यावर मूळ मान्य केलं. ओल्त्रार्नोचा कारागीरही नावाने ओळखला जात नाही; त्याच्या डोक्यावरच्या मजल्यांत आता पर्यटकांना भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत. जुन्या शहरात अशा नव्या खोल्यांना २०२३ मध्ये बंदी झाली, पण आधी झालेल्या राहिल्याच.

कोल्हापूरशी या शहराचं नातं चामड्यापुरतं नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडचा प्रवास करून परतताना फ्लोरेन्सला थांबले आणि ३० नोव्हेंबरला, ऐन विशीत, इथेच वारले. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि तिथे दहनाला परवानगी नव्हती. खास मंजुरी घेऊन काशिने उद्यानाच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, चिता रचली गेली. बघायला शहर लोटलं होतं. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. रचना मेजर चार्ल्स मँट यांची, म्हणजे कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचे आराखडे करणाऱ्यांचीच; आतला अर्धपुतळा इंग्रज शिल्पकार फुलर यांचा. तिथल्या लोकांनी त्या जागेला ‘इंदियानो’ म्हणायला सुरुवात केली आणि १९७८ मध्ये पूर्ण झालेल्या शेजारच्या भल्यामोठ्या केबल-पुलालाही तेच नाव पडलं. रोज त्यावरून मोटारी हाकणाऱ्या किती जणांना तो भारतीय कोण हे सांगता येईल, कोण जाणे. आपल्या सहलींच्या पत्रकात तर ही छत्री सहसा सापडत नाही. कचेरीत शिवछत्रपतींची तसबीर लावणाऱ्या कंपन्यांच्या पत्रकातही नाही.

जायचंच तर मंगळवार धरावा. त्या सकाळी काशिनेत नदीकाठाने मोठा आठवडी बाजार भरतो. तिथे चपला, चादरी, भांडी, भाजलेली कोंबडी असं सगळं मिळतं, गिऱ्हाईक बहुतेक गावातलंच असतं आणि भाव सान लोरेन्झोपेक्षा शहाणे असतात. दुपारी दोनच्या सुमारास पालं उठतात. टी-१ ट्रामने काशिने थांब्यावर उतरावं, आधी बाजार करावा आणि मग नदी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालत सुटावं. छत्रीपर्यंत पाऊण तास लागतो. वाटेत दुकानं फारशी नाहीत, तेव्हा पाणी आणि खायचं बाजारातूनच घ्यावं.