थर्मोस्टॅट ८० चा की ८८ चा?

बदलापूरहून आलेल्या त्या अबार्थ पुंटोच्या मालकाची मागणी सरळ होती. इंजिनात सध्या ८० अंशांचा थर्मोस्टॅट आहे, तो काढून ७१ चा बसवा. कंपनीचा मूळचा ८८ चा. हिवाळ्यात त्याने दुसऱ्या एका गॅरेजात ८० चा बसवून घेतला होता. मे उजाडला, गाडी तरीही तापते, म्हणून आता आणखी खाली उतरायचं.

गाडी आली होती ती अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका गॅरेजात; मी तिथे अधूनमधून जाऊन बसतो. तिथल्या मिस्त्रींची हयात फियाटमध्ये गेली. आधी कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनी, मग रांजणगावच्या लिनिया आणि पुंटो. अबार्थ पुंटो २०१५ साली आली. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती. दहा लाखांच्या आत एवढी ताकद देणारी दुसरी हॅचबॅक तेव्हा बाजारात नव्हती. पुढे फियाटने इथला पसारा आवरला आणि ज्यांच्याकडे ही गाडी राहिली ते तिला जिवापाड जपू लागले. बदलापूरहून आलेला हा मुलगा त्यांतलाच. इंजिन रिमॅप केलेलं, टायर चांगले, तेल वेळेच्या आधी बदललेलं. काळजी खरी होती. ती कुठे खर्च करायची एवढाच प्रश्न होता.

“तापते म्हणजे किती?” मिस्त्रींनी विचारलं.

मुलाकडे आकडे होते, आणि या सगळ्या प्रकरणात मला ते आकडेच सर्वांत मोलाचे वाटले. बहुतेक गाड्यांचा तापमानाचा काटा चालकाला घाबरवायचं नाही अशाच बेताने बसवलेला असतो. खरं तापमान बरंच वरखाली झालं तरी तो मधोमध उभा राहतो. मुलाने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ओबीडी अडॅप्टर लावून मोबाइलवर इंजिनाच्या सेन्सरचाच आकडा घेतला होता. पहाटे बदलापूरहून काटई रस्त्याने निघालं की नेवाळी नाक्यापर्यंत ७८ ते ८०. संध्याकाळी उल्हासनगरला फर्निचर बाजारापाशी अडकलं, एसी चालू असला, की ९०, ९५, १००. १०३ झाले की पंखा भणाणत सुरू होतो, आकडा ९५ वर आणून थांबतो आणि पुन्हा चढण सुरू.

“आणि ८८ चा होता तेव्हा?”

“सकाळी ८८-९०. संध्याकाळी... १०३ च, काका.”

म्हणजे थर्मोस्टॅट बदलून सकाळ बदलली होती, संध्याकाळ जशीच्या तशी राहिली होती. उत्तर या दोन ओळींतच होतं.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतली एक झडप. तिच्या पोटात पितळी डबी, डबीत मेण. मेण वितळताना फुगतं, खिळ्यासारखी दांडी बाहेर ढकलतं आणि स्प्रिंगच्या विरोधात झडप उघडते. वीज नाही, सेन्सर नाही. सर्जियस व्हर्नेट या अमेरिकेतल्या संशोधकाने १९३० च्या दशकात ही मेणाची युक्ती बसवली, ती आजही कोट्यवधी इंजिनांत चालते. झडप बंद असते तेव्हा पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. उघडली की रेडिएटरकडे जातं. झडपेवरचा आकडा असतो उघडायला सुरुवात होण्याचा. पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात. आणि एकदा ती पूर्ण उघडली की तिचं काम संपलं. त्यापुढे किती तापायचं ते रेडिएटर, पंखा, वारा आणि कूलंट ठरवतात.

आमच्या बारवी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात. ती पातळी खाली आणली तर एरवी धरणात पाणी कमी राहील. पण वरून दरवाज्यांच्या आवाक्याबाहेरचा लोंढा आला तर पाणी चढायचं तेवढं चढणारच. ८० चा थर्मोस्टॅट मोकळ्या रस्त्यावर इंजिन थंड ठेवतो. फर्निचर बाजारात ८० चा काय, ८८ चा काय, दोन्ही केव्हाच सताड उघडलेले असतात.

मुलाला हे तोंडी पटलं नसतं. मिस्त्रींनी बाजूच्या टपरीवरून चहाचं जुनं पातेलं आणलं. काचेचा थर्मामीटर त्यांच्याकडे होताच, जवळच्या एका रासायनिक कारखान्याच्या लॅबमधून आलेला. मूळचा ८८ चा थर्मोस्टॅट मुलाने डिकीत जपून ठेवला होता. त्याच्या झडपेच्या फटीत मिस्त्रींनी दोऱ्याचं टोक अडकवलं, हाउसिंगसकट तो पाण्यात सोडला आणि दोरा बोटावर हलकेच ताणून धरला. थर्मामीटर बुडाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर पातेल्याचं तापमान कळतं, पाण्याचं नाही. ज्योत बारीक. ८० ला काही नाही. ८५ ला पाण्यात बारीक बुडबुडे, झडप गच्च. ८७ ला दोरा सुटून हातात आला. त्यानंतर मात्र बघण्यासारखं होतं: ९० ला फटीतून जेमतेम नख जाईल एवढी जागा, ९५ ला दुप्पट, आणि पाणी खळखळायला लागलं तेव्हा झडप आपल्या वाटेच्या शेवटाला पोचलेली. मुलगा वाकून बघत होता. गॅस बंद केल्यावर झडप मिटायला लागली आणि मोबाइलचा टॉर्च लावून त्याने तेही पाहिलं.

मग मिस्त्रींनी प्रश्न विचारला तो पाण्याबद्दल नव्हता. “ट्रॅफिकमध्ये एसी गार होतो का रे?”

नव्हता होत. गाडी पळाली की गार, उभी राहिली की गरम वारा. गॅस कमी झाला असेल अशी मुलाची समजूत.

या गाडीचा पंखा दोन वेगांचा आहे. हळू वेग एका रेझिस्टरमधून चालतो. एसी लावला की, किंवा पाणी सत्त्याण्णवच्या आसपास गेलं की. जोराचा वेग थेट, १०२-१०३ ला. रेझिस्टर जळला की हळू वेग जातो आणि जोराचा तेवढा उरतो. फियाटच्या या गाड्यांत हे दुखणं जुनं आहे. मिस्त्रींनी इंजिन चालू करून एसी लावला. पंखा हलला नाही. पंख्याच्या चौकटीवरचा रेझिस्टर काढून मल्टिमीटर लावला: पूर्ण तुटलेला. त्याच्या एका कडेला काळा डाग होता, करंगळीच्या नखाएवढा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत किडे, पिसं आणि रस्त्याची धूळ यांची गादी बसलेली. ती आतल्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुतली. जोराचं पाणी मारलं तर पाती वाकतात. रेझिस्टर उल्हासनगरला कॅम्प नंबर ३ मधल्या एका दुकानात मिळाला.

थर्मोस्टॅटला मात्र त्या दिवशी हात लावला नाही. “एका वेळी एकच बदल,” मिस्त्री म्हणाले. “नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळत नाही.” त्याच संध्याकाळी मी मुलाच्या शेजारी बसून फर्निचर बाजारातून गेलो. ९७ ला पंखा हळूच सुरू झाला आणि आकडा ९४ ते ९७ मध्ये घुटमळत राहिला. एसी बर्फासारखा.

आपल्याकडे थर्मोस्टॅटबद्दल एक जुनी पक्की समजूत आहे: हा थंड देशांचा भाग, इथे गरजच नाही. पद्मिनीच्या काळात मिस्त्रीही तो काढूनच टाकायचे. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना तो अडथळाच वाटणार. रेडिएटर गाळाने भरलेले, कूलंटऐवजी नळाचं पाणी, झाकणाचं रबर गेलेलं. यांतलं काही दुरुस्त करण्यापेक्षा झडप उपटणं फुकटात व्हायचं. पण बऱ्याच इंजिनांत तीच झडप उघडताना दुसऱ्या टोकाने बायपासची वाट बंद करते. ती काढली की बायपास कायम उघडा राहतो आणि थोडं पाणी रेडिएटरला न शिवता परत इंजिनात येतं. थंड करायला म्हणून काढायची आणि घाटात इंजिन जास्तच तापायचं, असंही होई. आजही तीन-चारचाकी टेम्पोवाल्यांना हाच सल्ला मिळतो, आणि तो ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं.

कमी तापमानाच्या थर्मोस्टॅटमागचा विचार मात्र खोटा नाही. सिलिंडर हेड थंड असलं की आत येणारी हवा कमी तापते, नॉकिंग कमी होतं, आणि इंजिनाचा कॉम्प्युटर ठिणगी थोडी लवकर टाकू शकतो. ताकद तिथून येते. १९९२ च्या कॉर्व्हेटच्या एलटी१ इंजिनात जनरल मोटर्सने थंड पाणी आधी हेडकडे आणि मग ब्लॉककडे पाठवलं ते यासाठीच. अमेरिकेतल्या मोठ्या व्ही८ गाड्यांसाठी ७१ आणि ८२ चे थर्मोस्टॅट सर्रास विकले जातात, कारण तिथे शौकीन लोक सोबत पंख्याचं सेटिंग आणि इंजिनाचा मॅपही बदलतात. नुसती झडप बदलली तर कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गरमच झालेलं नाही. तो पेट्रोल जास्त सोडतो आणि ७१ ला बहुधा चेक इंजिनचा दिवाही लावतो. आणि ८८ वरून ८० वर आल्याने नॉकिंगमध्ये जो फरक पडतो, त्याहून मोठा फरक साध्याऐवजी जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून पडेल असं माझं मत आहे.

काही गाड्यांत तर हा वादच उरलेला नाही. ऑक्टाव्हिया व्हीआरएसच्या इंजिनात मेणाच्या झडपेऐवजी मोटरवर फिरणारा व्हॉल्व्ह आहे. सावकाश चालवताना तो पाणी गरम ठेवतो आणि जोर लावला की थंड करतो. पुंटोला ती सोय नाही. तिला एकच आकडा निवडावा लागतो.

मला जास्त काळजी पावसाळ्याची वाटते. जूनपासून हा मुलगा रोज सकाळी घरून बदलापूर स्टेशनपर्यंत गाडी नेतो आणि तिथे लावून लोकल पकडतो. एवढ्या छोट्या फेरीत तेल पुरतं गरम होत नाही. ज्वलनातली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं. तेल चांगलं तापलं तरच ते उडून जातं. थंड थर्मोस्टॅट त्यात भर घालतो. तेलाच्या झाकणाखाली पिवळट पांढरा थर दिसतो तो हाच. टर्बोच्या बेअरिंगला असं पातळ झालेलं तेल मिळणं ही १०३ या आकड्यापेक्षा कितीतरी वाईट गोष्ट आहे. १०३ ला घाबरण्यासारखं फारसं नसतं. कूलंटचं झाकण नीट असेल आणि १ बार जादा दाब धरत असेल तर साधं पाणीही १२० ला उकळतं. निम्मं ग्लायकॉल असेल तर आणखी वर.

मुलाने दोन दिवस विचार केला आणि ८८ चा परत बसवायला सांगितलं. काम तासाभराचं, वेळ खाते ती हवा काढणं. कूलंट भरताना ब्लीडचे स्क्रू ढिले ठेवायचे, बुडबुडे थांबून धार सलग येईपर्यंत थांबायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवायचं. हेडमध्ये हवेचा कप्पा राहिला तर सेन्सर हवेत उघडा पडतो आणि मोबाइलवरचा आकडा थंड दिसत असताना हेड गॅस्केट उडतं. मिस्त्री वरची होज हाताने दाबत राहिले, पंखा दोनदा हळू वेगाने फिरून बंद होईपर्यंत.

८० चा थर्मोस्टॅट मुलगा टाकून द्यायला निघाला होता. त्याला कधीतरी कोइंबतूरच्या ट्रॅकवर गाडी न्यायची आहे हे मिस्त्रींना ठाऊक होतं. “ठेव तो,” ते म्हणाले. “पण ट्रॅकला जायचं ठरलं तर आधी तेलाचा कूलर लावू, मग रिमॅपवाल्याकडून पंख्याचे आकडे खाली आणून घे. हा सगळ्यात शेवटी.”