एकाच सह्याद्रीचा पाऊस व माणदेशाचा दुष्काळ

महाबळेश्वरीं पावसाची झड लागल्याचें वर्तमान ज्या महिन्यांत वाचावयास मिळतें, त्याच महिन्यांत माणदेशांतून चाऱ्याची मागणी कशी येते, अशी शंका कित्येक देणगीदार गृहस्थांनीं आम्हांस विचारली आहे. शंका वाजवी आहे. द्रव्य देणारानें तें कोठें व कां लागतें हें पुसावें, हेंच योग्य. म्हणून तिचें निरसन येथें करितों.

पावसाळ्यांतील नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतो. सह्याद्री आडवा आल्यामुळें त्यास वर चढावें लागतें. उंचीवर दाब कमी, त्यामुळें हवा प्रसरण पावून थंड होते. माथ्यावरील गारव्याचें मूळही हेंच. थंड हवेंत बाष्प कमी मावतें. जास्तीचें मेघरूप होऊन तेथेंच कोसळतें. माथा ओलांडून तोच वारा पूर्वेस उतरूं लागला, म्हणजे क्रम उलटतो. हवा दाबली जाते, ढग विरतात, आणि मग दर हजार फूट उतारास ती सुमारें साडेपांच अंश फारेनहाइट तापते.

केवळ उंची हेंच कारण असतें, तर पांचगणीसही महाबळेश्वराइतकाच पाऊस पडता. दोन्ही ठिकाणें चार हजार फुटांहून उंच, आणि अंतर सुमारें १२ मैल. तथापि महाबळेश्वरीं वर्षास सरासरी सुमारें २२० इंच, तर पांचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पाऊस पडतो. आणखी पूर्वेस माण, आटपाडी, जत या भागांत तो २० इंचांच्या आसपास येतो. गांव डोंगराच्या कोणत्या अंगास आहे, यावर सर्व अवलंबून.

महाबळेश्वरीं १० इंच कमी पडले, तर तें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. माणदेशांत तेवढ्यानें अर्धा पाऊस गेला. त्यांतही भाद्रपद-आश्विनांतील सरींवर रबीच्या ज्वारीची भिस्त. त्या चुकल्या, कीं माणसांचें धान्य व जनावरांचा कडबा एकदमच जातो. १८७६-७७ व १९७२ च्या दुष्काळांत या पूर्वभागाची अशीच होरपळ झाली.

सबब ही आपत्ति शेतकऱ्याच्या आळसाची नव्हे, आणि एका वर्षापुरतीही नव्हे. धान्य व चारा तूर्त पुरविलाच पाहिजे. परंतु विहिरींचा गाळ काढणें, शेतांस ताली घालणें, तलाव दुरुस्त करणें, यांसही द्रव्य हवें. डोंगर हलविणें कोणाच्या हातीं नाहीं. पडेल तें पाणी अडविणें मात्र साध्य आहे. व्यापारी, जमीनदार व इतर उदार गृहस्थांनीं रक्कम पाठवितांना ती कोणत्या कामीं लावावी हें अवश्य लिहावें, म्हणजे तिचा हिशेब त्याच सदरीं दाखविला जाईल.