विश्लेषण : गिझर दुरुस्त करावा की बदलावा? निर्णय टाकीवर, सुरक्षितता व्हॉल्व्हवर!

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी गिझर सुरू करावा आणि नळाला थंडच पाणी यावे, किंवा बटण दाबताच घरातली वीज जावी, असा प्रसंग अनेक घरांत घडतो. उन्हाळ्यात बंद असलेला गिझर थंडीच्या तोंडावर पुन्हा सुरू झाला, की त्याची जुनी दुखणी वर येतात. मेकॅनिक ‘कॉइल गेली’ म्हणतो, दुकानदार ‘नवाच घ्या’ असे सुचवतो. अशा वेळी दुरुस्ती कुठवर परवडते आणि स्वस्तातली दुरुस्ती कधी जिवावर बेतू शकते, हे समजून घ्यायला हवे.

गिझरच्या आत नेमके काय असते?

साठवणीच्या विजेच्या गिझरमध्ये एक पोलादी टाकी असते. तिला आतून काचेसारख्या मुलाम्याचे अस्तर आणि बाहेरून फोमचे आवरण असते. टाकीत पाणी तापवणारी कॉइल, ठरावीक तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट आणि तो निकामी झाल्यास वीजपुरवठा बंद करणारा थर्मल कटआउट असतो. थंड पाण्याच्या नळीवर सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेला असतो. टाकी सोडली तर यातला जवळपास प्रत्येक भाग बदलता येतो. म्हणूनच दुरुस्ती की नवा गिझर, हा निर्णय मुख्यतः टाकीच्या स्थितीवर ठरतो.

कॉइल वारंवार का जळते?

बहुतेक वेळा याचे कारण पाण्यात असते. बोअरवेल आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असू शकतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतला जातो. पाणी तापले की हे क्षार कॉइलवर पांढऱ्या थराच्या रूपाने बसतात. थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. कॉइल आतल्या आत तापत राहते आणि शेवटी जळते. त्याआधी दोन खुणा दिसतात. पाणी तापायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि टाकीतून कडकड किंवा खदखदल्यासारखा आवाज येतो.

हिशेब सोपा आहे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. दोन हजार वॅटच्या कॉइलला त्यासाठी १८ ते २० मिनिटे पुरतात. त्याच कामाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू लागला, तर गिझर उघडून पाहण्याची वेळ आली आहे.

टाकी गंजू नये म्हणून काय असते?

अस्तराला बारीक तडा गेला तरी पोलाद पाण्याच्या संपर्कात येते. ते गंजू नये म्हणून टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो. मॅग्नेशियम लोखंडाआधी झिजते. म्हणजे हा रॉड स्वतः संपत जातो आणि टाकीला वाचवतो. तो पूर्ण झिजला की गंज टाकीला लागतो. रॉडची किंमत नव्या गिझरच्या तुलनेत अगदी किरकोळ असते. तरीही कॉइल बदलताना अनेकदा त्याकडे पाहिलेही जात नाही. क्षारयुक्त पाणी असलेल्या घरात तो दरवर्षी तपासावा आणि बराच झिजला असल्यास बदलावा.

व्हॉल्व्ह ठिबकतो, म्हणजे बिघाड आहे का?

नेहमीच नाही. पाणी तापले की फुगते. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापले, की ते सुमारे २०० मिलिलिटरने वाढते. एवढ्या पाण्याला वाट हवी, म्हणून गिझर सुरू असताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडणे स्वाभाविक आहे. गिझर बंद असतानाही धार लागली असेल, तर मात्र व्हॉल्व्ह खराब झालेला असतो किंवा इमारतीतील पाण्याचा दाब जास्त असतो. टाकी दर १० मीटर उंच असली, की दाब सुमारे एक बारने वाढतो. त्यामुळे उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर आठ बार दाब सोसणारा गिझर घेणे योग्य ठरते.

गंभीर चूक होते ती इथेच. ठिबकणे थांबावे म्हणून व्हॉल्व्हचे तोंड बुच लावून बंद केले जाते. दुसरीकडे थर्मोस्टॅट बिघडला की तो न बदलता तारा थेट जोडून दिल्या जातात. मेकॅनिकच्या भाषेत गिझर ‘डायरेक्ट’ केला जातो. अशा गिझरमध्ये पाणी तापतच राहते आणि वाढलेला दाब बाहेर पडायला वाट उरत नाही. बंद टाकीतले पाणी दाबामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही वाफ होत नाही. टाकी फाटली की त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि स्फोट होतो. ‘तात्पुरते डायरेक्ट करून देतो’ असे कोणी म्हटले, तर त्याला ठाम नकार द्यावा.

शॉक का बसतो?

कॉइलचे आवरण फुटले की वीज पाण्यात आणि टाकीच्या धातूत उतरते. अर्थिंग चांगले असेल, तर ती जमिनीत जाते. अर्थिंग नसेल, तर नळाला हात लावणाऱ्याच्या शरीरातून जाते. एमसीबी जादा प्रवाह किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर वीज तोडतो. माणसाला धोकादायक ठरणारी थोडीशी गळती त्याला कळत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. तो वारंवार पडत असेल, तर काढून टाकायचा नसतो. गिझर तपासायचा असतो. दोन हजार वॅटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह ओढतो. त्यामुळे सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावू नये. १६ अँपिअरचे सॉकेट आणि स्वतंत्र वायर असावी.

सर्व्हिसिंगमध्ये काय व्हायला हवे?

नुसते बाहेरून पुसून ‘ओके’ म्हणणे म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. मेन स्विच बंद करून टाकी थंड होऊ द्यावी आणि पूर्ण रिकामी करावी. कॉइल बाहेर काढून तिच्यावरचा थर साफ करावा, तळाचा गाळ धुवावा, मॅग्नेशियमचा रॉड पाहावा आणि रबरी गॅस्केट नवे घालावे. थर्मोस्टॅट, कटआउट, व्हॉल्व्ह व अर्थिंग तपासावे. शेवटी गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरावी. नळाला सलग धार आल्यावरच वीज सुरू करावी. रिकाम्या टाकीत बटण दाबले, तर नवी कॉइलही जळू शकते.

थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवावा. त्याहून तापमान वाढवले की क्षार वेगाने बसतात आणि विजेचा खर्चही वाढतो. ६० अंशांचे १५ लिटर पाणी थंड पाण्यात मिसळले, तर आंघोळीच्या पावणेदोन ते दोन बादल्या सहज होतात.

मग गिझर बदलायचा केव्हा?

कॉइल, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांचा बिघाड असेल आणि टाकी चांगली असेल, तर दुरुस्ती करावी. कॉइलच्या जोडापाशी पाणी गळत असेल, तर बहुधा गॅस्केट बदलून काम भागते. पण टाकीच्या शिवणीतून पाणी झिरपत असेल, तर गिझर बदलावा. फक्त गरम पाण्यालाच गंजाचा तांबूस रंग येत असेल, तर टाकी उघडून पाहावी आणि आत गंज आढळल्यास तोही बदलावा. अशा टाकीला वेल्डिंग करून किंवा एम-सील लावून वेळ मारून नेणे धोक्याचे आहे.

नवा घेताना आयएसआय चिन्ह आणि ऊर्जाबचतीचे तारे पाहावेत. साठवणीच्या गिझरवरील तारे २४ तासांत टाकीतून किती उष्णता वाया जाते, यावर ठरतात. घरात बोअरचे पाणी असेल, तर त्यासाठी बनवलेली कॉइल व जाड रॉड आहे का, हे विचारावे. ‘टाकीवर पाच वर्षे’ अशी वॉरंटी कॉइललाही लागू आहे का, हेही कागदावर वाचून घ्यावे.

विजेऐवजी गॅस गिझर घेणाऱ्यांसाठी एक नियम कायमचा आहे. तो बाथरूमच्या आत बसवू नये. बंद जागेत गॅस अपुऱ्या हवेत जळला, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणारी व्यक्ती सावध होण्याआधीच बेशुद्ध पडू शकते.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मेकॅनिकला बोलावले, तर त्याच्याकडे वेळ असतो आणि सुटे भागही मिळतात. ऐन सणाच्या पहाटे गिझर बंद पडला, तर बंब किंवा गॅसवरचे पातेले आहेच. त्या दिवसापुरते तेच बरे.